दुखणं दिसत नाही

(पावसाचा आवाज. भाताच्या बांधीत वाकलेल्या बाया.)

पूर्व विदर्भात रोवणी सुरू झाली की दिवसभर चिखलात उभं राहायचं, भिजत, वाकून. रात्री सगळ्यांचंच अंग दुखतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पेशंटचं दुखणं मात्र वेगळं.

थंडी, ताप, अतिश्रम, अंगातलं पाणी कमी होणं, एवढं निमित्त पुरतं. गोल, लवचीक लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. पुढे रक्त पोचत नाही. हाडं ठणकायला लागतात. रात्री दोनला पेशंट दवाखान्यात येतो तेव्हा बाहेरून बहुतेकदा काहीच दिसत नाही. ही वेदना मोजणारं यंत्र नाही. पेशंट सांगतो तोच पुरावा.

आणि नेमकं तेच कुणी मानत नाही.

"मागच्याच आठवड्यात आला होतास ना?" इंजेक्शन मागितलं, तर सवय लागली असेल अशी शंका. असह्य वेदनेवरचं मॉर्फिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने ते बाळगणं फार किचकट करून ठेवलं होतं. २०१४मध्ये कायदा सुधारला. धास्ती अजून आहे, आणि तिची किंमत खाटेवर तळमळणारा माणूस मोजतो. पहिल्या तासाभरात वेदनाशामक मिळणं ही मेहेरबानी नव्हे, उपचार आहे.

(शाळेचं आवार. तपासणी शिबिराची रांग.)

१ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी, २०४७पर्यंत सिकलसेलचं निर्मूलन. हा शब्द मला खुपतो. देवीचा रोग संपवता आला, कारण विषाणू माणसापासून वेगळा होता. सिकलसेल जन्मापासून रक्तात असतो. त्याचं निर्मूलन म्हणजे तो घेऊन पुढे कुणी जन्मू नये. आईवडील दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून आजाराचं जनुक बाळगून असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. हे लग्नाआधी कळायलाच हवं. पण निकाल रांगेत, सगळ्यांसमोर सांगितला गेला, तर ठणठणीत असलेल्या वाहक मुलीचं लग्नही अडतं. निकाल आधी तिच्या हातात, एकांतात, समजावून द्यायला हवा.

आणि जे आज जगतायत त्यांचं काय? हायड्रॉक्सीयुरिया ही जुनी गोळी वेदनेचे झटके कमी करते. ती रोज घ्यावी लागते, अधूनमधून रक्त तपासावं लागतं. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात गोळीचा साठा संपला की तालुक्याला जायचं, म्हणजे एक मजुरी बुडवून एसटीने.

२०१६च्या कायद्याने सिकलसेलला अपंगत्व मानलं. नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या यादीत मात्र तो नाही.

(पुन्हा बांधी. पाऊस थांबलेला. रोवणीच्या ओळीत एक जागा रिकामी.)