ड्रिल मशीन उंटावर कसं चढलं

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे आखाती अरब देशांतल्या उंटांच्या शर्यतींबद्दल. उंट म्हटलं की आपल्याला गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरचा, गोंडे-झुली लावून डुलत जाणारा उंट आठवतो. तो आता बाजूला ठेवा. शर्यतीचा उंट सडसडीत असतो. पोट वर ओढलेलं, पाय लांब आणि वशिंड अगदी लहान, कारण अंगावर चरबी राहूच दिलेली नसते. त्याला तयार करणाऱ्या माणसाला तिथे मुदम्मिर म्हणतात. या अरबी शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे बारीक करणं, अंग उतरवणं. आपला तालमीतला वस्ताद अंग भरून आणतो, हा वस्ताद अंग उतरवतो. वजन हा शब्द लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट वजनाचीच आहे.

पूर्वी या शर्यती लग्नाला, ईदला, सुंतेच्या समारंभाला व्हायच्या. वस्तीबाहेरच्या मोकळ्या रेतीवर चार टोळ्यांचे उंट जमायचे आणि समोरच्या एखाद्या टेकाडापर्यंत धावायचे. ओमानमध्ये तर अर्दा नावाचा एक प्रकार अजून टिकून आहे. त्यात दोन उंट अगदी खांद्याला खांदा लावून दौडतात आणि स्वार एकमेकांचा हात धरून पाठीवर उभे राहतात. तिथे पुढे कोण गेलं याला महत्त्व नाही, दोघे बरोबर राहिले पाहिजेत. माझ्या मते उंटावरचं सगळ्यात देखणं कसब तेच. युनेस्कोने २०१८ साली ओमानच्या या अर्दाची आणि २०२० साली अमिराती व ओमानच्या उंटशर्यतींची वारसा म्हणून नोंद केली.

आताच्या शर्यती आखीव मैदानांवर होतात. दुबईचं अल मरमूम, अबू धाबीचं अल वथबा, कतारचं अल शहानिया. सौदीमध्ये ताइफला भर उन्हाळ्यात शर्यती भरतात, कारण ते गाव डोंगरावर आहे आणि तिथे हवा थंड असते. बाकीकडे हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल.

उंट साधारण दोन वर्षांचा झाला की शिकवणी सुरू होते. आधी म्होरकीची सवय, मग रांगेत चालणं, मग पाठीवर वजन घेऊन चालणं, आणि पळणं सगळ्यात शेवटी. रोज पहाटे मैलोनमैल नुसतं चालवतात. श्वास आणि पाय चालण्यानेच तयार होतात. हाडं भरायच्या आधी पळवलं तर पाय जातो, आणि पाय गेलेला शर्यतीचा उंट पुन्हा सहसा मैदानावर येत नाही. खाण्यात लसूणघास, जव, खजूर, दूध, मध. शर्यत जवळ आली की चारा कमी करतात आणि तोंडाला मुसकी बांधतात, नाहीतर रात्रीतून पोटभर गवत खाऊन सकाळी तो जड होतो. अंतर वयाप्रमाणे ठरतं. लहान उंटांना ४ किलोमीटर, पुढे ५, ६, आणि पूर्ण वाढलेल्यांना ८. हे ८ किलोमीटर चांगला उंट १३ मिनिटांच्या आसपास काढतो, म्हणजे ताशी ३७-३८ किलोमीटरचा वेग, तोही एकसारखा. धावणाऱ्यांत माद्या जास्त असतात, त्या हलक्या असतात म्हणून.

माद्यांचं निघालंच आहे तर सांगतो. सांडणी सुमारे १३ महिने गाभण राहते. जिंकणारी मादी इतके दिवस मैदानाबाहेर ठेवणं मालकाला परवडत नाही. म्हणून तिचा गर्भ दुसऱ्या साध्या मादीच्या पोटात वाढवतात. याच कामातून २००९ साली दुबईत जगातली पहिली क्लोन सांडणी जन्मली, नाव इंजाझ. ते काम करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपल्या काश्मीरचे डॉक्टर निसार वानी. ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, याचं वाईट वाटतं.

तर आता मुख्य गोष्टीकडे येतो. उंटावर कोण बसतं?

नीट ऐका. उंट एकटा सोडला तर तो काही वेळ पळतो, मग चालायला लागतो आणि मग उभा राहून रवंथ करतो. पाठीवरून कोणीतरी हाकारत राहावं लागतं, छडी दाखवावी लागते. म्हणजे स्वार हवाच. पण स्वार म्हणजे वजन, आणि तेही वशिंडाच्या मागे, कमरेवर. ८ किलोमीटर ते वजन प्रत्येक ढांगेला वरखाली आपटत राहतं. त्यामुळे प्रत्येक मालकाला आपला स्वार सगळ्यात हलका हवा असायचा. शर्यतींत पैसा आला तसा हा हव्यास वाढला आणि त्यातून एक भयंकर प्रकार सुरू झाला. चार-पाच वर्षांची मुलं पाठीवर बांधली जाऊ लागली. पाकिस्तान, बांगलादेश, सुदान, मॉरिटानिया अशा देशांतल्या गरीब घरांतून दलाल ती आणायचे. वजन वाढू नये म्हणून त्यांना अर्धपोटी ठेवायचे. मूल पडलं तर मागून येणाऱ्या उंटांच्या पायांखाली जायचं.

बंदी नव्हती असं नाही. अमिरातीत १९९३ साली बंदी आली. २००२ साली पुन्हा नियम झाला की १५ वर्षांखालचा आणि ४५ किलोखालचा स्वार चालणार नाही. दोन्ही नियम कागदावर राहिले. पाकिस्तानचे अन्सार बर्नी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न लावून धरला. २००४ साली छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली दृश्यं टीव्हीवर आली आणि जगभर बोभाटा झाला. मग २००५ साली अमिरातीने कायदा केला. स्वार १८ वर्षांचा हवा, मोडेल त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५० हजार दिरहम दंड. युनिसेफबरोबर करार झाला आणि हजारावर मुलं आपापल्या देशांत परत पाठवली गेली. कतारनेही त्याच वर्षी कायदा केला.

पुन्हा सांगतो, १९९३, २००२ आणि २००५. तीनदा नियम झाले, पाळला गेला तो तिसरा. आपल्याकडे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला, त्याचा आनंद मलाही झाला. पण त्या परवानगीबरोबर आलेल्या अटी प्रत्येक घाटावर, म्हणजे बैलगाड्यांच्या प्रत्येक धावपट्टीवर, डोळ्यांत तेल घालून पाळल्या गेल्या पाहिजेत. बैल बोलत नाही, म्हणून हे आपणच बोललं पाहिजे.

असो. मुलं उतरली. आता पाठीवर काय ठेवायचं? कतारने याचा विचार आधीच सुरू केला होता. स्वित्झर्लंडच्या के-टीम नावाच्या कंपनीला त्यांनी यंत्रस्वार बनवायला सांगितला. इंजिनीअर मंडळींनी मनापासून काम केलं. उजव्या हातात छडी, डाव्या हातात लगाम, पोटात जीपीएस, उंटाच्या हृदयाचे ठोके मोजायची सोय. यंत्र तयार झालं, उंटाजवळ नेलं आणि उंट बिथरले. त्यांना माणसाच्या आकाराची सवय, माणसाच्या वासाची सवय. हे डब्यासारखं, कुरकुर आवाज करणारं काय पाठीवर बसतंय, म्हणून ते अंग झाडायला लागले. मग इंजिनीअरांनी यंत्राला चेहरा दिला. गॉगल लावला, टोपी घातली, स्वाराचा रंगीत अंगरखा चढवला आणि वर स्वार लावायचे तसलं अत्तर शिंपडलं. अत्तर लावल्यावर उंट मानले! जुलै २००५ मध्ये कतारमध्ये यंत्रस्वारांची पहिली अधिकृत शर्यत झाली.

पण वजन? ते पहिलं यंत्र १५ किलोच्या वर होतं. उंच असल्यामुळे दौडताना वरचा भाग झोके खायचा. झोके बसले की पट्टे सैल होतात, पट्टे सैल झाले की यंत्र एका अंगाला कलतं, आणि उंट त्याच अंगाला ओढला जातो. शिवाय ते महाग होतं.

इथून पुढचं काम मैदानांजवळच्या छोट्या वर्कशॉपमधल्या मिस्त्री लोकांनी केलं. मला हा भाग सगळ्यात आवडतो. त्यांनी स्वाराचं काम नेमकं काय, हेच आधी पाहिलं. वळवणं? त्याची गरज नाही, दोन्ही बाजूंना कठडा आहे आणि उंट कळपाबरोबर पळतो. म्हणजे लगामाचा हात काढून टाका. ठोके मोजणं? ते सरावात मोजता येतात. तेही काढा. राहिलं काय? छडी आणि आवाज. फक्त छडी आणि आवाज.

छडीसाठी त्यांनी घेतलं बॅटरीवरचं ड्रिल मशीन. भिंतीला भोक पाडायला आपण वापरतो तेच. भोक पाडायच्या पात्याच्या जागी, म्हणजे त्या चकमध्ये, एक दांडी घट्ट बसवली आणि दांडीला लांब प्लास्टिकची पट्टी. ड्रिल फिरलं की पट्टी फिरते. ड्रिलचा खटका बोटाने दाबायला पाठीवर कोणी नाही, म्हणून त्याच्या तारा गाडीच्या रिमोट लॉकच्या यंत्रणेला जोडल्या. गाडीची दारं उघडायला आपण किल्लीवरचं बटण दाबतो ना, तसंच बटण. मालकाने गाडीतून ते दाबलं की पलीकडे उंटावर छडी फिरते. आवाजासाठी एक वॉकी-टॉकी, आवाज पूर्ण मोठा करून चिकटपट्टीने बांधलेला. एक हातात, एक उंटावर. सगळं हलक्या सांगाड्यात बसवलं, खाली फोम, वरून मालकाच्या रंगाचा अंगरखा आणि टोपी. वजन किती? दोन-तीन किलो. १५ किलोवरून दोन-तीन किलो!

आपल्याकडे अडचण आली की आधी नवीन ॲप काढायचं सुचतं. या मिस्त्रींनी आधी काय काढून टाकता येईल ते पाहिलं. आपल्या मोटार रिवाइंडिंगवाल्यांमध्ये हीच बुद्धी आहे. आपण त्यांना इंजिनीअर म्हणत नाही, ही चूक आहे.

या यंत्रात बिघाड ठरलेले असतात. बॅटरी उन्हात ठेवली तर अर्ध्या वाटेत मान टाकते, म्हणून ती सावलीत ठेवून अगदी शेवटी बसवायची. चक सैल राहिली तर दांडी निसटते. वॉकी-टॉकीचा चॅनल शेजारच्याशी जुळला तर भलत्याचीच आरोळी आपल्या उंटाला ऐकू जाते. आणि पट्टे, पट्टे, पट्टे. उंट बसलेला असताना आवळलेले पट्टे तो उभा राहिला की ढिले पडतात. उभं करून, चार पावलं चालवून पुन्हा आवळायचे. काहींनी यंत्रात विजेचा झटका देणारी उपकरणंही लपवली होती. दुबईत पोलिसांनी अशी यंत्रं पकडली. तो शुद्ध छळ आहे, त्याला दुसरा शब्द नाही.

आता शर्यत. उंटांना अडसराजवळ रांगेत आणतात. नोकर म्होरक्या धरून उभे असतात. एखादा उंट हमखास उलटं तोंड करतो, तर एखादा मटकन खाली बसतो. अडसर वर उचलला जातो, म्होरक्या सुटतात आणि नोकर जीव घेऊन बाजूला पळतात. धुळीचा लोट उठतो, आणि त्याच क्षणी मैदानालगतच्या डांबरी रस्त्यावर गाड्यांचा ताफाही सुटतो. मालक आणि मुदम्मिर त्या गाड्यांत असतात, एका हातात बटण, दुसऱ्या हातात वॉकी-टॉकी. गाडी मागे पडली की आवाज पोचत नाही, त्यामुळे सगळे उंटाच्या बरोबरीने राहायला बघतात. ड्रायव्हरचं लक्ष उंटाकडे गेलं तर पुढच्या गाडीला धडक बसते. चांगला मुदम्मिर सुरुवातीला बटण दाबतच नाही, नुसता बोलत राहतो. नाव घेतो, हाकारतो, लाडाने ओरडतो. छडी शेवटच्या किलोमीटरसाठी. आधीच छडी फिरवली तर उंटाला तिची सवय होते आणि शेवटी ती फिरली काय, न फिरली काय, त्याला फरक पडत नाही.

दुबई, अबू धाबी, दोह्याला आपली कितीतरी मराठी माणसं आहेत आणि सुट्टीत मॉलमध्ये जातात. थंडीच्या दिवसांत एकदा पहाटे उठून मरमूमला जा. फेऱ्या सकाळी लवकर सुरू होतात आणि एकामागून एक होत राहतात. कठड्याजवळ थांबा, गाड्यांच्या रस्त्यावर पाऊल ठेवू नका, आणि शेवटच्या रेषेच्या थोडं पुढे उभे राहा, कारण पाहण्यासारखं तिथेच असतं. जिंकलेल्या सांडणीला धरून आणतात. वाटीत केशर कालवलेलं असतं, श्रीखंडात घालायला आपण कालवतो त्याहून कितीतरी दाट. ते हाताने तिच्या कपाळाला आणि मानेला चोळतात, केस पिवळेधमक होईपर्यंत. मालकाला तलवार, खंजीर किंवा गाडी मिळते. तेवढ्यात एक पोरगेला नोकर मागून पट्टे सोडतो, टोपी-अंगरख्यासकट ते यंत्र काखेत मारतो आणि पुढच्या फेरीसाठी बॅटरी बदलायला निघून जातो.

नमस्कार.