सायीखालची सहा वर्षे: जुराची पिवळी वाईन

फ्रान्सच्या पूर्व सीमेलगत, बरगंडी आणि स्वित्झर्लंड यांच्या मधोमध, जुरा पर्वताच्या पश्चिम उतारावर द्राक्षमळ्यांची एक चिंचोळी पट्टी पसरलेली आहे. समोरच्या कड्यावर दिसणारे दगडी घरांचे गाव म्हणजे शातो-शालों. त्याच्या पायथ्याच्या करड्या-निळसर चिकणमातीत साव्हान्यँ जातीची पांढरी द्राक्षे पिकतात आणि केवळ याच एका जातीपासून ‘व्हँ झोन’, म्हणजे शब्दशः ‘पिवळी वाईन’, तयार होते.

वाईन करणाऱ्याला पहिली शिकवण मिळते ती वाईन हवेपासून जपण्याची. लाकडी पिंपातून ती हळूहळू उडत जाते, आत पोकळी निर्माण होते आणि त्या पोकळीतल्या हवेमुळे वाईनचे व्हिनेगर होण्याचा धोका असतो. म्हणूनच पिंपे वेळोवेळी काठोकाठ भरून ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे. व्हँ झोनची पिंपे मात्र मुद्दाम भरली जात नाहीत. पातळी खाली जाऊ लागली की वाईनच्या पृष्ठभागावर यीस्टची पातळ, सुरकुतलेली साय धरते, आणि पुढे सारी राखण या सायीकडेच असते. ती हवेतला ऑक्सिजन स्वतः वापरते, खालच्या वाईनला अति हवेपासून वाचवते आणि त्याच वेळी मद्यार्काचे रूपांतर अशा सुगंधी द्रव्यांत करते की वाईनची चवच पालटून जाते. स्पेनमधील फिनो शेरीही अशाच सायीखाली मुरते; पण तिच्यात वरून मद्यार्क मिसळतात, व्हँ झोनमध्ये काहीही मिसळत नाहीत.

नियमानुसार ही वाईन द्राक्षांच्या तोडणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या 15 डिसेंबरपर्यंत मुरवावी लागते आणि त्यातले किमान 60 महिने ती सायीखाली असावी लागते. या काळात उत्पादक पिंपाला हात लावत नाही, तरी लक्ष मात्र सोडत नाही. ठरावीक काळाने नमुना काढून चव आणि आम्लता तपासली जाते, आणि जे पिंप बिघडण्याच्या वाटेवर दिसते, त्यातली वाईन वेळीच बाहेर काढली जाते. शातो-शालोंचे उत्पादक तर द्राक्षांचीच आधी परीक्षा घेतात: 1974, 1980, 1984 आणि 2001 या वर्षी पीक अपेक्षेला उतरले नाही, तेव्हा त्यांनी आपल्या गावाच्या नावाने वाईन काढलीच नाही. नावाची इतकी चाड असलेले गाव विरळाच.

बुटक्या, रुंद खांद्यांच्या ज्या बाटलीत ही वाईन भरतात तिला क्लाव्हलँ म्हणतात. तिच्यात 62 सेंटिलिटर वाईन मावते. एक लिटर वाईन इतकी वर्षे मुरल्यावर एवढीच उरते, असे जुरामध्ये सांगतात. प्रत्येक पिंपाचा हिशेब अर्थातच वेगळा असणार. उत्तरेकडे आर्ब्वा हे गाव आहे, जिथे लुई पाश्चर यांचे बालपण गेले. 1860 च्या दशकात वाईन का बिघडते याचा अभ्यास करताना ते इथल्याच वाईनकडे वळले आणि 1874 मध्ये त्यांनी गावाजवळ स्वतःचा द्राक्षमळा विकत घेतला.

पेला नाकाजवळ नेला की आधी अक्रोड जाणवतो, आणि मग मराठी माणसाला स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा आठवावा असा वास येतो. हा भास नव्हे. व्हँ झोनच्या सुगंधाला कारणीभूत असलेले सोटोलॉन हे द्रव्य मेथीच्या दाण्यांतही असते आणि मेथीला तिचा वास त्यापासूनच मिळतो. वासावरून गोडीची अपेक्षा निर्माण होते, पण वाईन पूर्णपणे कोरडी आणि चांगलीच आंबट असते. पहिला घोट अनेकांना आवडत नाही, हेही प्रांजळपणे सांगायला हवे.

नुसती पिण्यापेक्षा जेवणासोबत ती खुलते, आणि तिचा जोडीदार त्याच डोंगरात तयार होतो. कोंते हे चीज प्रामुख्याने मोंबेलियार्द गाईंच्या कच्च्या दुधापासून करतात. त्याच्या सुमारे 40 किलोच्या एका चाकाला 400 लिटरच्या आसपास दूध लागते. वर्ष-दीड वर्ष मुरलेल्या कोंतेला स्वतःचा अक्रोडासारखा स्वाद असतो. चीजचा स्निग्धपणा वाईनची धार बोथट करतो आणि वाईनची आंबट चव जिभेवरचा तुपकटपणा पुसून टाकते. सोबत मूठभर अक्रोड आणि पाव असला की आणखी काही लागत नाही.

सणासुदीच्या ताटात मात्र कोंबडी येते. शेजारच्या ब्रेस भागातली नावाजलेली कोंबडी लोण्यात परतून, साय आणि मोरेल अळंबी, जिला आपल्याकडे हिमालयात गुच्छी म्हणतात, यांच्या रश्श्यात मंद आचेवर शिजवतात. बाटली काही तास आधी उघडून ठेवतात आणि वाईन थंडगार न वाढता 14 ते 16 अंशांवर वाढतात. इतकी महाग वाईन कढईत ओतायला जीव धजत नाही, म्हणून अनेक घरांत शिजवताना साधी साव्हान्यँ वापरतात आणि पातेले आचेवरून उतरवण्याआधी व्हँ झोनचे दोन चमचे त्यात सोडतात. उरलेली बाटली बूच लावून ठेवली तरी चालते. सहा वर्षे हवेशी जुळवून घेतलेली ही वाईन, उघडल्यावरही कित्येक आठवडे बिघडत नाही.