श्रीखंडाच्या डब्यातल्या दोन पावत्या

(दृश्य: ठाण्यातलं एक स्वयंपाकघर. ओट्यावर श्रीखंडाचा जुना डबा. झाकण निघतं, आत कागदच कागद.)

आमच्या ताईला कागद फेकवत नाहीत. विजेची बिलं, मुलींची लसीकरणाची कार्डं, बंद पडून गेलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड, सगळं या डब्यात. त्यातच या दोन पावत्या सापडल्या आणि ही फिल्म करायचं ठरलं.

पहिली पावती मे 2019 ची. पावतीपुस्तकातली, कार्बन लावून लिहिलेली. थोरल्या भाचीचं नाव. "बॅले, उन्हाळी बॅच, 15 दिवस, रोज 1 तास." रुपये 6,000 आणि खाली शिकवणाऱ्या बाईंची सही.

दुसरी मे 2025 ची. मोबाइलवर आलेली पीडीएफ, ताईने तिचीही प्रिंट काढून घडी घालून ठेवलेली. धाकटीचं नाव. 8 दिवस, रोज सव्वा तास. फी 8,500, अधिक 18 टक्के जीएसटी 1,530. एकूण 10,030.

आता भागाकार करा. 2019 ला तासाला 400 रुपये. 2025 ला तासाला हजाराच्या वर तीन. सहा वर्षांत तासाचा भाव अडीचपट झाला आणि शिकायचे तास पंधरावरून दहावर आले.

ताईने हे एका वाक्यात संपवलं. "बिस्किटाच्या पुड्यासारखं आहे. वेष्टन चकचकीत, आत दोन बिस्किटं कमी."

एका घरातल्या दोन कागदांवरून सगळ्या शहराचा हिशोब मांडू नये, हे कबूल. पण हे कागद वाचता आले, तर पैसे कुठे गेले ते बरंचसं कळतं.

(दृश्य: दुसऱ्या पावतीवरची जीएसटीची ओळ, जवळून.)

सगळ्यात सोपी गोष्ट आधी. पहिल्या पावतीवर कर नाही, आणि बाईंनी तो चुकवलाही नव्हता. नाच, गाणं, चित्रकला अशा छंदवर्गांच्या शिकवणीला तेव्हा जीएसटी माफ होता, शिकवणारा कोणीही असो. 18 जुलै 2022 पासून ही माफी फक्त एकट्या व्यक्तीपुरती उरली. म्हणजे बाई स्वतःच्या नावाने शिकवत असतील, तर कर नाही. तोच वर्ग एखाद्या अकादमीने किंवा कंपनीने घेतला, आणि तिची वर्षाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपलीकडे असली, तर 18 टक्के. सेवांसाठी ही मर्यादा साधारण 20 लाखांची.

दुसरी पावती अशाच एका अकादमीची. मग बाई कुठे गेल्या? आम्ही त्यांना शोधून काढलं. कॅमेऱ्यासमोर नाव नको म्हणाल्या, म्हणून नाव नाही.

(दृश्य: सोसायटीचा हॉल. खुर्च्या एकावर एक रचलेल्या. कोपऱ्यात वाढदिवसाचे फुगे, अर्धे बसलेले.)

हा तो हॉल. थोरली इथेच शिकली. बाई सांगतात, "तेव्हा कमिटीवाले दुपारचा हॉल जवळजवळ फुकटच द्यायचे. आता तो वाढदिवसांना जातो. एका संध्याकाळचं भाडं मला महिन्याच्या फीत निघत नाही. शिवाय ही फरशी बघा."

फरशी आम्ही बघितली. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, खाली काँक्रीटचा स्लॅब. बॅलेत लहान मुलंही सारखी उड्या मारतात, आणि उडी खाली येते तेव्हा पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो. मल्लखांबाच्या खाली आपण गादी घालतो ती का, हे कोणाला समजावावं लागत नाही. बॅलेची गादी जमिनीच्या पोटात असते. लाकडी पट्ट्यांची चौकट, खाली फोम किंवा रबराचे तुकडे, वर प्लाय, त्यावर न घसरणारं व्हिनाइल. पाय टेकला की जमीन किंचित दबते आणि परत वर येते. हे सगळं भाड्याच्या गाळ्यात बसवायचं, आणि गाळामालकाने अकरा महिन्यांनी करार वाढवला नाही तर उचकटून न्यायचं.

धाकटीची अकादमी अशा जमिनीवर शिकवते. मी बूट काढून त्यावर उभा राहून बघितलं. फरक पहिल्याच पावलाला कळतो. म्हणजे वाढलेली फी सगळीच हवेत गेलेली नाही. त्यातले काही पैसे पोरीच्या गुडघ्यांसाठी आहेत, आणि ते मोजताना ताईने हात आखडावा असं मीही म्हणणार नाही.

उरलेल्या पैशांबद्दल मात्र मला बोलायचं आहे.

(दृश्य: खोक्यातून निघणारं 'किट'. गुलाबी स्लिपर्स, लिओटार्ड, जाळीचा स्कर्ट.)

किट सक्तीचं आहे आणि ते फीच्या बाहेर. सात वर्षांच्या मुलीला मऊ स्लिपर्स पुरतात, आणि त्या देशात बनलेल्याही मिळतात. पण अकादमीच्या यादीत परदेशी कंपनीचं नाव आहे. परदेशी म्हटलं की डॉलर आला. 2014 साली डॉलर 61 रुपयांच्या आसपास होता, 2025 संपता संपता त्याने नव्वदी ओलांडली. समजा, एखादा जोड 80 डॉलरचा. कंपनीने एका सेंटनेही भाव वाढवला नाही, तरी आपल्याला तो 4,880 वरून 7,200 ला पडतो. त्यात टपाल आणि सीमाशुल्क धरलेलंच नाही.

हा हिशोब खरा बोचतो तो पुढे, पॉइंट शूज लागतात तेव्हा. टोकावर उभं राहायचे ते सॅटिनचे बूट. बाईंनी त्यांचा एक जुना जोड आमच्यासमोर कात्रीने उभा कापला.

(दृश्य: कापलेला बूट. बोटाने थर उलगडले जातात.)

मला वाटलं होतं आत लाकूड असेल. निघालं काय, तर गोणपाटासारखं कापड, कागद आणि खळ. आपण आकाशकंदिलाला लावतो त्याच जातकुळीची खळ. थरावर थर चिकटवून, आकार देऊन भट्टीत वाळवलेले. पायाचा घाम लागला की खळ मऊ पडते आणि बूट मेला. व्यावसायिक नर्तिकेचा एक जोड एका प्रयोगातही संपू शकतो. शिकणाऱ्या मुलीचा काही आठवडे टिकतो. कागद आणि खळीची ही वस्तू, पण हाताने घडवलेली, आणि डॉलर-पौंडात मोजलेली.

म्हणूनच एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. "दहा दिवसांत पॉइंट" अशी जाहिरात दिसली, तर तिथून उठा. घोटा आणि पावलाची हाडं त्या भाराला तयार व्हायला मूल साधारण अकरा-बारा वर्षांचं व्हावं लागतं, आणि त्याआधी काही वर्षांची नियमित तालीम लागते. बाई यावर चिडूनच बोलल्या. "फोटोसाठी चढवतात हो पोरींना टोकावर!"

पौंडाचा आणखी एक रस्ता आहे तो परीक्षांचा. आपल्याकडे बॅले शिकवणारे बरेच जण लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सचा अभ्यासक्रम घेतात. संस्था 1920 ची. सहाव्या वर्षी प्रायमरी, सातव्यापासून ग्रेड 1, असं चढत चढत ग्रेड 8 पर्यंत. आठ दिवसांच्या कोर्सला या परीक्षांशी काही देणंघेणं नाही, पण माहितीपत्रकात त्यांचं नाव हमखास असतं. आणि "परदेशी पाहुणे शिक्षक" असतील, तर त्यांचं विमानाचं तिकीट आणि हॉटेल बॅचमधल्या मुलांवरच वाटलं जातं. वीस मुलं असोत की बारा, तिकीट तेवढंच.

बॅले आपल्याकडे काल आला, असं मात्र नाही. मुंबईत तुष्णा डल्लास यांनी बॅलेची शाळा काढली 1966 साली. कित्येक वर्षं ती मुख्यतः दक्षिण मुंबईची गोष्ट राहिली. ठाणे, बाणेर, खारघरच्या टॉवरांपर्यंत बॅले पोचला तो अलीकडे, आणि पोचला तो असा आखूड पुड्यांतून. मे महिन्याची बॅच, दिवाळीची बॅच, ख्रिसमसचं वर्कशॉप.

आपल्या कला स्वस्त आणि ही विलायती महाग, असंही कोणी म्हणू नये. अरंगेत्रमचा, म्हणजे भरतनाट्यमच्या पहिल्या जाहीर प्रयोगाचा, खर्च ज्या घराने केला आहे, त्यांना विचारा. हॉल, वादक, दागिने, साड्या, जेवणं. एखादं लग्न उरकेल.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. हवाना. मग मुंबईतली लोकल.)

पैसा कोणी भरायचा, हा प्रश्न बॅलेला जुनाच आहे. क्युबात सरकारने भरला. म्हणून हवानातल्या एका ट्रकचालकाचा मुलगा, कार्लोस अकोस्टा, फुकट शिकून लंडनच्या रॉयल बॅलेचा मोठा नर्तक झाला. अमेरिकेत 1963 साली फोर्ड फाउंडेशनने बॅलेसाठी 77 लाखांहून जास्त डॉलर दिले, त्यातला मोठा वाटा न्यूयॉर्क सिटी बॅले आणि तिच्या शाळेला. गावोगावच्या हुशार मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या त्या याच पैशातून. आज त्याच अमेरिकेत उन्हाळ्याच्या पाच-सहा आठवड्यांच्या इंटेन्सिव्हसाठी, म्हणजे कसून तालमीच्या शिबिरासाठी, हिवाळ्यात निवडचाचण्या होतात, आणि चाचणीचे पैसे वेगळे, शिकवणीचे वेगळे, राहण्याजेवणाचे वेगळे. न्यू जर्सीतली माझी एक मैत्रीण लेकीसाठी हे करते. ती म्हणाली, "कॉलेजची प्रॅक्टिस समज."

आणि आपल्याकडे? अमीरुद्दीन शाह हा वेल्डरचा मुलगा, मनीष चौहान टॅक्सीचालकाचा. मुंबईत येहुदा माओर या शिक्षकाच्या हाताखाली दोघं घडले. 2017 साली अमीरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये निवडला गेला, तेव्हा पैशांसाठी इंटरनेटवर लोकांपुढे हात पसरावा लागला. त्यांच्या कथेवर चित्रपट निघाला. अकादम्यांच्या जाहिरातीत ती कथा आजही ऐकू येते. फक्त एवढंच सांगायचं राहून जातं, की ती पोरं आठ दिवसांच्या बॅचमधून आली नव्हती. एक शिक्षक रोज, तासन्‌तास, काही वर्षं त्यांच्यामागे उभा होता.

(दृश्य: ताईच्या घरची खिडकी. धाकटी ग्रिलचा गज धरून उभी.)

दहा तासांत धाकटी काय शिकली? पायांच्या पाच पोझिशन्सची नावं. टाचा जुळवून, पावलं बाहेर वळवून गुडघे वाकवायचे, त्याला प्लिए म्हणतात हे. शेवटच्या दिवशी आईवडिलांसमोर चार मिनिटांचा कार्यक्रम, प्रमाणपत्र, आणि फोटोंचे पैसे वेगळे. तिचं प्लिए मी बघतो, तर गुडघे आत पडतायत आणि टाचा उचलल्या जातायत. सहज तोंडातून गेलं, "असं नसतं गं." ती म्हणाली, "मामा, तिथे आरसा होता, इथे नाहीये."

थोरली आता चौदा वर्षांची. बॅले केव्हाच सुटला, कबड्डी खेळते. ती आली, धाकटीच्या मागे गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी तिचे गुडघे अलगद बाहेर वळवले. "पायाच्या बोटांवर आण गुडघा. बाई असंच करायच्या." हे तिला सहा वर्षांनी आठवत होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. पंधरा मुलांच्या मागे फिरून एकेकीचे गुडघे वळवायला वेळ लागतो. तो वेळ पावतीवर कुठेच लिहिलेला नसतो, आणि पुडा आखूड केला की पहिला तोच कापला जातो.

त्याच संध्याकाळी ताईने अकादमीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. आठवड्यातून दोन दिवस, वर्षभर चालणारा वर्ग आहे का?

पलीकडची मुलगी गोड बोलली. "मॅडम, आहे ना. पण रेग्युलर बॅचला किमान आठ मुलं लागतात. सध्या तीन एन्क्वायऱ्या आहेत."

"आणि मेच्या बॅचला किती होती?"

"मेला आम्ही दोन बॅच केल्या मॅडम. फुल होत्या. दिवाळीची आता सुरू करतोय, सहा दिवसांची. अर्ली बर्ड डिस्काउंट आहे. पाठवू?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आधी ते चौथं नाव लिहून घ्या."

(दृश्य: धाकटी खिडकीत. गुडघे बाहेर, टाचा जमिनीला. थोरली मागे बसून आकडे मोजतेय. एक, दोन, तीन, चार.)