करेलिनची उचल

खाली पालथा पडलेला पैलवान नीट बघा. वजन १३० किलोच्या घरात. हातपाय फाकून मॅटला चिकटलाय. त्याला एवढंच करायचंय: जागचं हलायचं नाही.

ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली हात घालता येत नाही. पट काढणं नाही, टांग मारणं नाही. त्यामुळे असा पडलेला हेवीवेट उचलायच्या भानगडीत कुणी पडत नसे. उलटी उचल हा हलक्या गटांतला डाव. रशियाच्या अलेक्झांडर करेलिननं तो सगळ्यात वजनदार गटात आणला.

आता सावकाश. तो बाजूनं येतो, तोंड प्रतिस्पर्ध्याच्या पायांकडे. कमरेला दोन्ही हातांचा विळखा. आधी नुसता हिसका. पोट आणि मॅट यांच्यात जरा फट पडली की गुडघे, मांड्या, मग पाठ. माणूस अधांतरी, पाय वर. आणि करेलिन मागे कमान टाकतो.

या फेकीपेक्षा काही मल्ल आपणहून चीत होणं पत्करायचे. हसू नका त्यांना.

सोल ऑलिंपिक, १९८८. अंतिम लढत. बल्गेरियाचा गेरोव्स्की आघाडीवर, काही सेकंद उरलेले. तीच उचल. सुवर्ण.

लोक त्याला निसर्गाचा चमत्कार म्हणत. आम्हाला ते पटत नाही. हे बर्फ बघा. सायबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कचा हा पोरगा तेराव्या वर्षी प्रशिक्षक व्हिक्टर कुझनेत्सोव्ह यांच्याकडे आला. पंधराव्या वर्षी पाय मोडला, तरी परतला. मांडीभर बर्फात धावणं, खांद्यावर ओंडका. तळ्यात वल्ही मारणं, तळहात सोलवटेपर्यंत. मघाचा तो हिसका इथे तयार झाला. प्रशिक्षक शेवटपर्यंत तेच राहिले. टाळ्यांत त्यांचा वाटा कुणी मोजला नाही.

पहिली तीन ऑलिंपिक, तिन्ही वेळा संघाचा झेंडा करेलिनच्याच हातात, आणि दर वेळी निराळा. सोलला सोव्हिएत संघाचा. १९९२ला बार्सिलोनात, देश फुटल्यावर, माजी सोव्हिएत देशांच्या एकत्रित संघाचा. १९९६ला अटलांटात रशियाचा. तिन्हीकडे सुवर्ण. अटलांटात तर खांद्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली. अंतिम लढत १-० अशी, जेमतेम. शिवाय ९ जागतिक अजिंक्यपदं.

सिडनी ऑलिंपिक, २०००. अंतिम लढत. समोर अमेरिकेचा रुलॉन गार्डनर. त्या वर्षीचा नवा नियम: गुणफलक कोरा असेल, तर दुसऱ्या फेरीत एकमेकांना विळखा घालायचा. ज्याची पकड आधी सुटेल, त्याच्याविरुद्ध गुण. करेलिनची सुटली. ०-१, रौप्य. १३ वर्षांतली पहिली आंतरराष्ट्रीय हार, तीही अशी. कुस्तीनं कुस्ती ठरवायला हवी होती, असं आम्हाला वाटतं. त्यानंतर तो लढला नाही. १९९९लाच तो रशियाच्या संसदेवर निवडून आला होता, पुढची वर्षं तिकडेच गेली.