जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका

मंडळी, आपल्या सांगली जिल्ह्यात हाताला पाना नवा नाही. वाळवा, पलूस, तासगावकडं ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे नि विहिरीवर मोटर आहे, तो माणूस गाडीचं ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड स्वतः बदलायला कचरत नाही. मला त्याचं कौतुकच आहे. ज्याला आपली गाडी खालून-वरून माहीत असते, तो तिची काळजीही नीट घेतो. पण शंभरफुटी रस्त्यावरच्या गॅरेजात आणि आपल्या अंगणात मोठा फरक आहे. गॅरेजात चार माणसं आसपास असतात, खाली सिमेंटचा कोबा असतो. अंगणात आपण एकटे, नि खाली काळी माती. म्हणून आज बहुतेक वेळ मी एकाच गोष्टीवर घालवणार आहे, ती म्हणजे गाडी वर उचलणं.

गाडीबरोबर जो घडीचा जॅक मिळतो, तो रस्त्यात स्टेपनी बदलण्यापुरता असतो. गाडीच्या पुस्तकातही लिहिलेलं असतं, जॅकवर गाडी असताना खाली जाऊ नका. लहानातली लहान गाडी घेतली तरी 700-800 किलोच्या घरात जाते. ते ओझं वर नेण्यासाठी जॅक आहे. वर धरून ठेवायचं काम जॅक स्टँडचं, म्हणजे गाडीखाली टेकवायच्या लोखंडी घोडीचं. ट्रॉलीचा हायड्रॉलिक जॅक दणकट दिसतो, पण आतला एक सील गेला की तेल मागं सरकतं आणि गाडी खाली येते. तेव्हा जॅक कितीही भारी असो, स्टँड लावल्याशिवाय डोकंच काय, हातसुद्धा खाली घालायचा नाही.

आता मातीचं बघू. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. वरून कडक वाटली तरी आत ओल असते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला पुन्हा पूर आला. नदीकाठच्या किती अंगणांत तेव्हाचा गाळ अजून फरशीखाली असेल! जॅकचा तळ हाताच्या पंजाएवढा. सगळा भार तेवढ्या जागेवर आला की तो मातीत रुततो, आणि सरळ न रुतता एका बाजूला कलतो. जाड, रुंद फळी खाली घातली तर चाक बदलण्यापुरतं चालेल. खाली शिरायचं असेल तर मात्र कोब्यावरच काम करा. स्वतःच्या दारात कोबा नसेल तर शेजाऱ्याच्या दारात करा, त्यात कमीपणा नाही.

विटांवर गाडी टेकवायची सवय तर आजच सोडा. वीट भिंतीत चहूबाजूंनी दाबलेली असते, तिथं ती भार सोसते. गाडीचा भार एका टोकावर आला की तीच वीट फुटते. पोकळ सिमेंटचा ब्लॉक त्याहून वाईट, तो काही कळायच्या आत बसतो.

‘पण मी गिअर टाकून ठेवतो’ असं बरेच जण सांगतात. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. पुढचं एक चाक उचललंत की डिफरन्शियलमुळं, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळं, ते हवेतलं चाक उलटं फिरू शकतं, आणि जमिनीवरचं चाक गिअर असूनही सरकतं. हँडब्रेक लागतो मागच्या चाकांना. मागची दोन्ही उचलली तर तोही गेला. म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार, त्यांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा, वर घेतल्यावर पान्यावर जोर लावू नका. स्टँड पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावा आणि खाली जाण्याआधी गाडी हातानं हलवून बघा. डगमगली तर बाहेर असतानाच कळू दे. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तर माणूस मावेल एवढी फट राहते.

बाकीचं थोडक्यात सांगतो. बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी काढायचं, लावताना शेवटी लावायचं. प्लस खोलताना पाना बॉडीला टेकला नि मायनस जोडलेलं असलं, तर पाना लाल होतो. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आत दाब असतो, म्हणून पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच फसफसून तोंडावर येतं. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका. शटर ओढून इंजिन चालू ठेवणं तर जिवावरचा खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीनं त्याला धरतं. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, की आधी मोकळ्यावर या. सीएनजीच्या टाकीत 200 बारचा दाब असतो. ती लाइन, एअरबॅग आणि हायब्रिड गाडीतल्या केशरी वायरी घरी उघडायच्या नाहीत.

आणि एक काम घरी गेल्यावर आजच करा. ट्रॉली जॅक घरात असेल तर तो कसा लावायचा, कुठं लावायचा, दांडा कसा मारायचा, हे बायकोला, मोठ्या पोरांना एकदा प्रत्यक्ष करायला लावा. खाली जाताना त्यांना सांगून जा. तुम्ही अडकलात तर ॲम्ब्युलन्ससाठी 108 लावायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ती पोचेपर्यंत गाडी वर घेणारं माणूस दारातच असायला पाहिजे.