बहुमताची पोच

सन्माननीय अध्यक्ष आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचे नाव 'नवे बहुमत आणि मतदाराच्या तीन अपेक्षा' असे छापले आहे. तीन हा आकडा संयोजकांनी घातलेला आहे. परंतु छापून आल्यामुळे आता तीन अपेक्षा शोधणे मला भाग आहे. खरे सांगायचे तर माझ्याजवळ एकच आहे, आणि ऐकणारा माणूस सापडेल तेथे ती मी सांगत आलो आहे. घरच्यांनी ऐकणे सोडल्याला बराच काळ लोटला, म्हणून आज आपल्यासमोर उभा आहे.

माझी सगळी नोकरी मंत्रालयात झाली आणि तिच्यातील मोठा भाग विधिमंडळातील प्रश्नांची उत्तरे लिहिण्यात गेला. खाते कोणते होते, ते सांगत नाही. सभागृहात उत्तर मंत्री देतात हे खरेच आहे, परंतु त्या उत्तराचा पहिला मसुदा कक्ष अधिकारी लिहितो, मग तो अवर सचिव, उपसचिव, सचिव अशा पायऱ्या चढत मंत्र्यांपर्यंत जातो, आणि प्रत्येक पायरीवर त्यातील एखादा ठाम शब्द गळून त्याच्या जागी एखादा गुळगुळीत शब्द बसतो. तारांकित प्रश्नाचा साचा आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल: अमुक गावी अमुक घडले, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचेही साचे ठरलेले असतात. 'होय, हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही', आणि माझे सर्वांत लाडके म्हणजे 'प्रश्न उद्भवत नाही'. पहिल्या भागाला 'हे खरे नाही' असे लिहिता आले, की उरलेले सगळे भाग आपोआप 'प्रश्न उद्भवत नाही' होतात आणि कक्ष अधिकाऱ्याला वेळेवरची लोकल मिळते. आपण हसत आहात. आम्ही त्या लोकलसाठी फार मेहनत घेत असू.

आता मूळ गोष्टीकडे येतो. एका डिसेंबरात आम्ही नेहमीप्रमाणे नागपूरला होतो. नागपूर करारामुळे दरवर्षी एक अधिवेशन तेथे भरते, आणि त्यासाठी निम्मे मंत्रालय लोखंडी पेट्यांत भरून मुंबईहून नागपूरला जाते, हे आपण जाणताच. बाहेरच्या जगाला अधिवेशन म्हणजे मोर्चे आणि हुरडा एवढेच दिसते. आम्हाला दिसत असे ती आमच्या मुक्कामाच्या 160 गाळ्यांतील थंडगार खोली, मफलर गुंडाळून बसलेला टंकलेखक आणि उद्या सकाळच्या प्रश्नांचा गठ्ठा. त्या गठ्ठ्यातील एका प्रश्नाच्या दुसऱ्या ओळीत माझ्या स्वतःच्या गावाचे नाव होते.

आमच्या गावच्या ओढ्यावर जुना फरशी पूल आहे. पावसाळ्यात फरशीवरून पाणी जाते, दुधाची गाडी पलीकडच्या काठाला थांबते, आणि पोरे डोक्यावर कॅन घेऊन, ताणलेल्या दोराला एका हाताने धरून, कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे जातात. मी स्वतः लहानपणी असे कॅन नेलेले आहेत. त्यांतील एक वाहून गेला, त्याचा हिशेब माझ्या वडिलांनी कित्येक दिवाळ्या पुरवून पुरवून काढला. प्रश्न असा होता की, या पुलाची उंची वाढवण्याची ग्रामस्थांची मागणी अनेक वर्षे प्रलंबित आहे, हे खरे आहे काय. जिल्ह्याहून आलेल्या अहवालात लिहिले होते, 'अतिवृष्टीच्या वेळी काही काळ वाहतूक विस्कळीत होते.' हे वाक्य लिहिणारा माणूस त्या ओढ्यावर गेलेला नव्हता, हे मला कळत होते. आणि ते वाक्य उतरून घेणाऱ्या माणसाने त्या ओढ्यात कॅन घालवलेला होता, हे फक्त मलाच ठाऊक होते. तरीही अहवालाबाहेर जाऊन लिहिण्याचा अधिकार मला नव्हता. मी लिहिले, 'हे अंशतः खरे आहे.' आणि पुढे, 'प्रस्ताव तपासून निधीच्या उपलब्धतेनुसार उचित कार्यवाही करण्यात येईल.'

दुसऱ्या दिवशी सभागृहात उपप्रश्न आले, आणि मंत्रिमहोदयांनी मसुद्याबाहेर जाऊन सांगून टाकले की, येत्या अर्थसंकल्पात तरतूद करू. गावात पेढे वाटले गेले. मला मात्र घाम फुटला होता, कारण सभागृहात मंत्र्याच्या तोंडून निघालेल्या अशा वाक्याला 'आश्वासन' म्हणतात, त्याची नोंद होते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. लोकसभेत आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी असा दंडक आहे, आणि कोणती वाक्ये आश्वासन समजावीत याची यादीसुद्धा आहे. 'बाब विचाराधीन आहे' हेही तीत बसते. म्हणजे संसदेने टोलवाटोलवीचा शब्दकोशच केला, आणि तो सरकारला बांधून घालण्यासाठी केला. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. अर्थसंकल्प आला, पुलाची तरतूद आली नाही. मुदतवाढ मागणारे पत्र गेले, त्याचा मसुदाही माझाच होता.

त्या वर्षी जत्रेला गावी गेलो तेव्हा माझी आत्या पारावर भेटली. तिला कोणीतरी ते छापील उत्तर वाचून दाखवले होते आणि ते मी लिहिले हेही सांगितले होते. तिने मला खाली बसवले आणि विचारले, "अंशतः म्हंजे काय रं? पानी कमरंपत्तूर येतंया. त्यातला कंचा अंश खरा धरलास?" मी सरकारी कामकाज समजावू लागलो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "व्हत नसंल तर नाय म्हना. व्हनार आसंल तर कवा, त्ये सांगा. तारीख घालून कागूद द्या. दुष्काळात देत व्हते की."

मित्रहो, माझी एकमेव अपेक्षा ती हीच, आणि ती माझी नव्हे, आत्याची आहे. परंतु ती 'दुष्काळात' का म्हणाली, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आत्या 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जात असे. त्याच वर्षीच्या निवडणुकीत वसंतराव नाईकांच्या काँग्रेसला 270 पैकी 222 जागा मिळाल्या होत्या. महाराष्ट्रात कोणत्याही एका पक्षाला मिळालेले हे सर्वांत मोठे बहुमत. विरोधात सर्वांत मोठा पक्ष शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), आणि त्याच्या जागा 7. एवढ्या बहुमताला कोणालाही उत्तर न देता पाच वर्षे काढता आली असती, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. पाऊस पडला नाही आणि लाखो माणसे कामावर आली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळात राज्यभर पसरली, शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून तिच्यासाठी पैसा उभा केला गेला, 1977 मध्ये कायदा संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. दरम्यान नाईकांचे मुख्यमंत्रिपद 1975 मध्येच गेले होते, आणि कायदा लागू होईपर्यंत 222 चे ते बहुमतही उरलेले नव्हते. योजना उरली, आणि 2005 मध्ये देशाने ती उचलली.

या कायद्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक क्षुल्लक गोष्ट: नमुना 4. कामाची मागणी त्या नमुन्यावर करायची आणि तारखेसह पोच घ्यायची. त्या तारखेपासून 15 दिवसांत काम नाही दिले, तर बेरोजगार भत्ता द्यायचा. पोच नसेल तर मागणी केल्याचा पुरावा नाही, आणि पुरावा नसेल तर भत्ता नाही. म्हणूनच रोजगार हमीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांची निम्मी भांडणे पैशांसाठी होत नसून पोचेसाठी होत आली आहेत. ज्या कारकुनाला काम द्यायचे नसते, तो अर्ज नाकारत नाही. तो म्हणतो, "ठेवा इथं." या दोन शब्दांवर माझे स्वतंत्र व्याख्यान आहे, परंतु अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत.

तर माझे म्हणणे असे आहे की, मत हा मतदाराचा अर्ज आहे आणि निकालानंतर तो पोच मागत असतो. त्याला चमत्कार नको असतो. राज्यकर्ते समजतात त्याहून तो पुष्कळ व्यवहारी असतो. सगळी वचने पुरी होणार नाहीत, हे तो मतदानाच्या रांगेतच धरून चाललेला असतो. त्याला हवे असते ते 'होईल', 'होणार नाही' किंवा 'अमुक तारखेला होईल' यांपैकी एक उत्तर. 'उचित कार्यवाही करण्यात येईल' या वाक्यात कर्ताही नाही आणि काळही नाही. आणि मी ते नोकरीत किती वेळा लिहिले, याचा हिशेब वर कोणी मागितला तर माझी अडचण होणार आहे.

आता नव्या बहुमताकडे येतो, ज्यासाठी मला खरे तर बोलावले आहे. 23 नोव्हेंबर 2024 च्या निकालात महायुतीच्या तीन पक्षांना मिळून 230 जागा मिळाल्या: भाजप 132, शिंदे यांची शिवसेना 57, अजित पवार यांची राष्ट्रवादी 41. समोर ठाकरे यांच्या शिवसेनेच्या 20, काँग्रेसच्या 16 आणि शरद पवार यांच्या राष्ट्रवादीच्या 10. समोर दोन्ही बाजूंची मंडळी बसलेली आहेत आणि चहा एकाच किटलीतून येणार आहे, म्हणून मी कोण चांगले, कोण वाईट यात शिरत नाही. मला फक्त एवढेच दाखवायचे आहे की, बहुमत जेवढे मोठे, तेवढी उत्तर देण्याची निकड कमी होत जाते, आणि ही निकड बाहेरून कोणी लावत नसल्याने ती बहुमतालाच स्वतःवर लावून घ्यावी लागते.

(संयोजकांची चिठ्ठी आली आहे: 'सात मिनिटे'. म्हणजे तिन्ही अपेक्षा सात मिनिटांत.)

पहिली अपेक्षा ही की, ज्याला विचारायचे तो माणूस जागेवर असावा. मुख्यमंत्र्यांचा शपथविधी 5 डिसेंबरला झाला. 15 डिसेंबरला नागपुरात आणखी 39 मंत्र्यांनी शपथ घेतली, दुसऱ्या दिवशी अधिवेशन सुरू झाले, आणि खातेवाटप जाहीर झाले ते 21 डिसेंबरला, म्हणजे अधिवेशन संपल्यावर. नव्या सभागृहाचे पहिले हिवाळी अधिवेशन अशा रीतीने बिनखात्याच्या मंत्र्यांसमोर पार पडले. मी अजून नोकरीत असतो, तर पूल, पाणी, वीज या सगळ्यांवर निर्धास्तपणे 'प्रश्न उद्भवत नाही' असे लिहिले असते, आणि ते वाक्य आयुष्यात प्रथमच पूर्णतः खरे ठरले असते.

दुसरी अपेक्षा ही की, विचारणारा माणूसही जागेवर असावा. विरोधी पक्षनेतेपदासाठी सभागृहाच्या दहा टक्के सदस्य हवेत, असा संकेत सांगितला जातो. 288 च्या सभागृहात दहा टक्के म्हणजे 29, आणि विरोधातील एकाही पक्षाकडे तेवढे सदस्य नाहीत, म्हणून ते पद अडले. 1978 च्या ज्या कायद्याने या पदाला वेतन-भत्ते दिले, त्यात टक्केवारी नाही. त्यात सर्वाधिक संख्याबळाचा विरोधी पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता एवढेच आहे. 1962 मध्ये 264 च्या सभागृहात शेकापच्या 15 जागा होत्या, तरी कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. 1972 नंतर 7 जागांच्या शेकापचे दि. बा. पाटील त्या पदावर होते. तेव्हाच्या बहुमताला ते परवडले. मार्च 2025 मध्ये ठाकरे यांच्या शिवसेनेचे भास्कर जाधव यांचे नाव देण्यात आले, आणि ते अधिवेशन संपेपर्यंत त्यावर निर्णय झाला नव्हता. 'नाही' असा निर्णयसुद्धा झाला नव्हता, हा माझा आक्षेप आहे. "ठेवा इथं" म्हणतात ते हेच.

तिसरी अपेक्षा वचनांची. लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये 2100 करू, असे प्रचारात सांगितले गेले. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी 36,000 कोटी ठेवले गेले, 2100 चा आकडा मात्र आला नाही. पैसा नसेल तर नसेल. राज्याची तिजोरी मीही पाहिलेली आहे. परंतु मग 'या वर्षी नाही, अमुक वर्षी, आणि अमुक कारणामुळे' असे सभागृहात उभे राहून सांगायला एक पैसाही लागत नाही. कायदे आपल्याकडे आहेतच. 2005 च्या दप्तर दिरंगाईच्या कायद्याने कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक थांबू नये असे सांगितले, आणि 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखल्यांना मुदती घालून दिल्या. माझी मागणी एवढीच आहे की, तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला घातलेली ही मुदत जाहीरनाम्यालाही घालावी. निवडून आल्यापासून शंभर दिवसांच्या आत प्रत्येक वचनासमोर तारीख लिहिलेला एक कागद सभागृहाच्या पटलावर ठेवावा, आणि दर अधिवेशनात आश्वासन समितीने तो तपासावा. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही; 230 जणांना तर मुळीच जड नाही. तो कसा करावा, याचे मी टाचण आणले होते, परंतु दुसरी चिठ्ठी आली आहे आणि तिच्यावर फक्त उद्गारचिन्ह आहे.

मागच्या रांगेतून कोणीतरी विचारत आहे की, तुमच्या गावचा पूल झाला का. खांब झाले आहेत, वरचा स्लॅबही झाला आहे. दोन्ही बाजूंचा जोडरस्ता भूसंपादनात अडकला आहे, आणि दुधाची गाडी अजून पलीकडच्या काठालाच थांबते. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, हे अंशतः खरे आहे.