सात नाण्यांतला स्लोव्हेनिया

नमस्कार. माझ्या तळहातावर स्लोव्हेनियाची काही युरो नाणी आहेत. त्यातले हे दोन सेंटचे तांबूस नाणे कॅमेऱ्याजवळ धरते, म्हणजे त्यावरचा बुटका, गोल दगड तुम्हांला दिसेल. हा एका रोमन खांबाच्या तळाचा तुकडा आहे आणि तो उलटा ठेवलेला आहे. मध्ययुगात कारिंथिया प्रांताच्या नव्या सरदाराला सत्ता हाती घेण्यापूर्वी शेतकऱ्याच्या वेशात या दगडापाशी यावे लागे. दगडावर आधीच एक स्वतंत्र शेतकरी बसलेला असे आणि तो स्लोव्हेनियन भाषेत विचारी, की हा येणारा कोण आहे आणि तो न्यायाने वागणारा आहे का. समाधान झाले, की शेतकरी त्याच्या गालावर हलकी चापट मारून जागा मोकळी करून देई. हा विधी 1414 मध्ये शेवटचा झाला. मूळ दगड आज ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्टमध्ये आहे, त्यामुळे तो स्लोव्हेनियाच्या नाण्यावर आलेला पाहून तिकडच्या काही राजकारण्यांना राग आला होता.

स्लोव्हेनियाचे स्वतंत्र राज्य 1991 साली अस्तित्वात आले. त्याआधीची कित्येक शतके हा मुलूख ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याकडे होता आणि पहिल्या महायुद्धानंतर त्याचा मोठा भाग युगोस्लाव्हियात गेला. स्वतःचा राजवंश नसलेल्या या समाजाने नाण्यांवर काय कोरायचे ते ठरवले, तेव्हा राजे आणि सेनापती वगळून डोंगर, घोडे, बी पेरणारा शेतकरी, न बांधलेल्या संसदेचा आराखडा आणि दोन लेखक यांना जागा मिळाली.

डोंगर पन्नास सेंटच्या नाण्यावर आहे. 2,864 मीटर उंचीच्या या शिखराचे नाव त्रिग्लाव, म्हणजे तीन डोक्यांचा. त्यातला ‘त्रि’ आपल्याला समजावून सांगायला नको. वायव्येला असे आल्प्स आहेत, नैर्ऋत्येला एड्रियाटिकचा जेमतेम 47 किलोमीटरचा किनारा आहे आणि त्याच्या मागे चुनखडीचे कार्स्ट पठार पसरलेले आहे. चुनखडी पाण्यात विरघळत असल्यामुळे येथील नद्या मध्येच जमिनीखाली गडप होतात आणि मैलोन्मैल गुहांतून वाहून दुसऱ्याच नावाने वर येतात. त्सेर्कनित्सा नावाचे तळे तर पावसाळी महिन्यांत 25 चौरस किलोमीटरहून अधिक पसरते आणि कोरड्या उन्हाळ्यात तळाच्या भोकांतून निचरून जाते, त्यामुळे जिथे मासे धरले त्याच जागी काही महिन्यांनी गवत कापले जाते. सतराव्या शतकात याचा उलगडा करू पाहणाऱ्या वाल्वासोर या विद्वानाला लंडनच्या रॉयल सोसायटीने सदस्यत्व दिले. आपल्या प्रांतावरचा प्रचंड ग्रंथ छापण्याच्या खर्चापायी मात्र त्याला वाडा विकावा लागला.

एक युरोच्या नाण्यावरचा दाढीवाला माणूस प्रिमोझ त्रुबार आहे. हा प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होता, मायदेशातून त्याला पळावे लागले आणि 1550 मध्ये त्याने जर्मनीत राहून स्लोव्हेनियन भाषेतली पहिली छापील पुस्तके काढली, त्यांत एक मुळाक्षरांचे होते. आपल्या वाचकांना त्याने ‘प्रिय स्लोव्हेनियनांनो’ अशी हाक मारली, आणि वेगवेगळ्या प्रांतांत विभागलेल्या त्या शेतकऱ्यांना एक नाव धरून बोलावणारा तो पहिला छापील आवाज होता.

दोन युरोवर फ्रान्त्से प्रेशेरेन हा कवी आहे. पोटासाठी वकिलाच्या कचेरीत राबणाऱ्या प्रेशेरेनने 1844 मध्ये लिहिलेली ‘झ्द्राव्ल्यित्सा’ ही कविता सेन्सॉरमुळे अडली आणि 1848 मध्ये छापली गेली. तिचे सातवे कडवे आज राष्ट्रगीत आहे, आणि शेजारी हा वैरी नसून शेजारीच असेल अशा दिवसाची इच्छा त्यात आहे. त्याची पुण्यतिथी, 8 फेब्रुवारी, ही देशात सार्वजनिक सुट्टी असते. कवीसाठी कार्यालये बंद ठेवणारा देश मला तरी आवडतो.

ज्या भाषेसाठी हे सगळे चालले, तिच्यात द्विवचन अजून जिवंत आहे. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘भ्राता, भ्रातरौ, भ्रातरः’ आठवत असेल. स्लोव्हेनियनमध्ये एक भाऊ ‘ब्रात’, दोन भाऊ ‘ब्राता’ आणि त्याहून अधिक झाले की ‘ब्रात्ये’. क्रियापदही त्याप्रमाणे बदलते, आणि आपल्या ‘आम्ही दोघे’ व ‘आम्ही दोघी’ यांसाठी त्यांच्याकडे एकेकच शब्द आहे. ही रूपे व्याकरणाच्या पुस्तकापुरती उरलेली नाहीत. बाजारात दोन कॉफी मागतानाही ती वापरावी लागतात.

डिसेंबर 1990 मधल्या सार्वमतात एकूण मतदारांपैकी 88 टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्याला होकार दिला, 25 जून 1991 रोजी घोषणा झाली आणि युगोस्लाव्ह सैन्याशी झालेली लढाई दहा दिवसांत थांबली. सुमारे 21 लाखांच्या या देशाने 1 जानेवारी 2007 रोजी युरो स्वीकारला आणि ही नाणी लोकांच्या खिशात आली. दगडाचे नाणे मात्र इतक्या कमी किमतीचे आहे, की ते बहुधा घरातल्या एखाद्या बरणीतच पडून राहते.